‘कालवण’ म्हणावं का याला? (करीड सॉसेजेस)

ॲडलेडकर
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा ‘इथल्या चवी’ असं सदर आहे. मी ‘करीड सॉसेजेस’ लिहून दिलं. ऑस्ट्रेलियात आठवड्याच्या मधल्या वारी, स्वयंपाकाचा कुणालाच उत्साह नसतो तेव्हा घराघरांत होणारा प्रकार. एका पसरट पॅनमध्ये बीफचे बारीक सॉसेज सगळ्या बाजूंनी लालसर परतायचे, बाहेर काढून तिरके कापायचे. सुटलेल्या चरबीतच उभा चिरलेला कांदा, तो मऊ झाला की करी पावडर आणि चमचाभर मैदा, मग स्टॉक, गाजराच्या चकत्या, सॉसेज परत आत आणि उतरवताना मूठभर फ्रोझन मटार. कुस्करलेल्या बटाट्यावर वाढायचं.

शीर्षक दिलं ‘सॉसेजचं कालवण’. संपादकांनी कापलं. म्हणाले, कालवण माशांचंच असतं, ‘सॉसेज करी’ करा. पण ‘सॉसेज करी’ वाचून लोक आलं-लसूण वाटायला घेतील, आणि याची चव तशी मुळीच नाही. ‘करीयुक्त सॉसेज’ हे खताच्या पोत्यावरचं वाटतं. ‘मसालेदार’ म्हणावं तर मसाला नावालाच. काय म्हणावं? अंक लवकरच छपाईला जातोय.

खलबत्ता
संपादक किनारपट्टीचे दिसतात. आमच्या साताऱ्याकडे वांग्याचं, अंड्याचं, मटणाचं, कशाचंही कालवण होतं. ज्यात भाकरी कालवून खाता येते ते कालवण. सरळ ‘कालवणे’वरून आलाय शब्द. ठेवा बिनधास्त.

वेंगुर्लेकर
साफ चूक. कालवण आलं कालवांवरून. खडकावरची कालवं फोडून त्यांचं जे करायचे ते कालवण, मग बाकीच्या मासळीला तेच नाव पडलं. घाटावर कालवं नाहीत म्हणून तुम्ही वांगी घातलीत.

खलबत्ता
आणि घाटावर शब्द काय एसटीने आला? बाळ भातात वरण कालवतं तेव्हा त्यातही शिंपले असतात का?

शुद्धमती
मूळ प्रश्नातच सॉसेज, पॅन, स्टॉक, फ्रोझन, करी पावडर! मराठी राहिली कुठे? सॉसेजला ‘मांसनलिका’ म्हणता येईल. ‘सुवासिक मांसनलिका’ हे शीर्षक मला योग्य वाटतं.

नागपुरी_तर्री
मांसनलिका ऐकून भूक मेली. ऑपरेशनच्या आधी सही घेतात त्या कागदावरचा शब्द आहे हा.

शुद्धमती
सवयीचा प्रश्न आहे. सावरकरांनी ‘महापौर’ दिला, ‘दिनांक’ दिला, आज ते कुणाला खटकतात का? त्याच्याही आधी शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात खाण्यापिण्याच्या वगैरे वस्तूंचा भोग्यवर्ग असा वेगळा विभागच आहे. राज्यकारभार सांभाळून त्यांना शब्दांकडे बघायला वेळ होता. आपल्याला नाही.

अंत्रुजकर
ताई, मग बटाटाही काढा. तो पोर्तुगीज. पाव पोर्तुगीज, कोबी पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, घमेलंसुद्धा पोर्तुगीज. शुद्ध स्वयंपाकघराला कुलूप लावायचं म्हटलं तरी चावी त्यांचीच.

आणि सॉसेजला आपल्याकडे शब्द नाही हे कुणी ठरवलं? गोव्यात चोरीस आहे ना. तोही पोर्तुगीजच, पण आता आमचा. डुकराचं मांस, सुकी मिरची, लसूण, माडाचं व्हिनेगर, सगळं आतड्यात ठासून, दोऱ्याने गाठी मारून माळा करायच्या आणि सुकवायच्या. बाजारात त्या लाल मण्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. शिजवताना मसाला घालायचाच नसतो. कांदा, बटाटा आणि थोडं पाणी. गाठी सोडल्या की मसाला आतून बाहेर येतो आणि बटाटा लाल होतो. ऑस्ट्रेलियातला प्रकार याच्या नेमका उलटा. तिथे आतलं सपक आणि मसाला बाहेरून. म्हणूनच त्यांना ‘करीड’ म्हणावं लागतं. चोरीसला कोण ‘करीड’ म्हणेल?

ॲडलेडकर
अंत्रुजकर, हे पटलं. करी पावडरही आपल्याकडची नव्हेच. इथे बहुतेक जण किन्सची वापरतात. ती टास्मानियाची, जोसेफ कीन नावाच्या माणसाची, एकोणिसाव्या शतकातली. होबार्टच्या एका टेकडीवर ‘किन्स करी’ ही अक्षरं दगडांनी मांडलेली आहेत, शहरातून दिसतात. हळद, धणे, मेथी हा मुख्य ऐवज. पदार्थ पिवळाधमक होतो, तिखट होत नाही.

नागपुरी_तर्री
पिवळं, तिखट नाही, वर तर्री नाही. म्हणजे हळदीचं पाणी. याला सावजी मसाल्यात टाका, मग नाव आपोआप सुचेल.

आत्याबाई_ष्टुटगार्ट
जर्मनीत करीवुर्स्ट आहे. १९४९ साली बर्लिनमध्ये हेर्टा हॉयवर यांनी टपरीवर विकायला सुरुवात केली, असंच सगळीकडे सांगतात. तळलेलं सॉसेज, वर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर. जर्मनांनी ‘करीचं’, ‘करीयुक्त’ असल्या भानगडीत न पडता दोन शब्द चिकटवले आणि मोकळे झाले.

मास्तर_निवृत्त
तेच मराठीत होतं! साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात. कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे. मध्यमपदलोपी समास, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला. तसंच ‘करीसॉसेज’: करी पावडर घालून केलेलं सॉसेज. एका शब्दात, जोडून. मध्ये जागा सोडली की ‘सॉसेज करी’सारखा घोटाळा.

पार्ल्याची_सून
मास्तर, ‘केलेलं’ सॉसेज? ॲडलेडकरांनी ‘बारीक सॉसेज परतायचे’ लिहिलंय. तो सॉसेज की ते सॉसेज? आमच्या घरी ‘ते’, आणि अनेकवचन सॉसेजं. ‘सॉसेजेस’ मला सासऱ्यांच्या ऑफिसातलं वाटतं.

नागपुरी_तर्री
तो. आमच्याकडे पराठा तो, समोसा तो, सॉसेज तो.

पार्ल्याची_सून
पराठा, समोसा आकारान्त आहेत. सॉसेजचा काय संबंध?

आत्याबाई_ष्टुटगार्ट
जर्मनमध्ये वुर्स्ट स्त्रीलिंगी आहे, चर्चेत भर म्हणून सांगते.

ॲडलेडकर
लिंगावरून आठवलं नाही, पण शब्दावरून आठवलं. इथे निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्राबाहेर सॉसेज भाजून ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये गुंडाळून विकतात, बहुधा शाळेच्या मदतीसाठी. त्याला ‘डेमॉक्रसी सॉसेज’ म्हणतात. २०१६ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी सेंटरने तोच वर्षाचा शब्द निवडला होता. त्याचं मराठी करून दाखवा कुणीतरी.

शुद्धमती
लोकशाही-मांसनलिका.

खलबत्ता
मतदानाची टक्केवारी एकदम खाली.

वेंगुर्लेकर
मूळ मुद्दा राहिलाय. करी हा शब्द आपल्या कढीवरून गेला, गोव्यात आजही माशाच्या रश्शाला कडीच म्हणतात. म्हणजे ‘सॉसेजची कढी’ म्हटलं तर व्युत्पत्तीला धरून होईल.

मास्तर_निवृत्त
कढी आली ‘कढणे’वरून, त्याचं मूळ संस्कृत ‘क्वथ्’, म्हणजे उकळणे. करीचं मूळ बहुतेक जण तमिळ ‘कऱि’ मानतात. आवाज सारखा म्हणून सोयरीक जमत नाही. आणि सॉसेजची कढी वाचून साताऱ्याची मंडळी ताक घालतील.

नवशिका_बल्लव
जरा विषयांतर. बीफऐवजी चिकनचं सॉसेज घेतलं तर चालेल का? आणि जुन्या पद्धतीत म्हणे आधी उकडून साल काढतात?

ॲडलेडकर
चालेल. चिकनला चरबी कमी सुटते, तेव्हा कांद्यासाठी वेगळं तेल घ्या, नाहीतर करी पावडर तळाला लागते आणि कडू होते. उकडून सोलण्याची पद्धत इथल्या आज्यांची; मला ती आवडत नाही, परतल्यावर तळाशी जे लालसर चिकटतं त्यातच खरी चव असते. स्टॉक घातला की उलथन्याने ते खरवडून घ्या.

पार्ल्याची_सून
साल फळाची. सॉसेजची कातडी.

अंत्रुजकर
कातडी नव्हे, आतडी!

शुद्धमती
निदान ‘फ्रोझन मटार’ तरी बदला. ‘गोठवलेले वाटाणे’. मटार हिंदीतून आलाय.

खलबत्ता
वाटाणा म्हणजे सुका, जो उसळीला भिजत घालतो. हिरवा ओला असेल तर मटारच.

वेंगुर्लेकर
आमच्याकडे ओल्यालाही वाटाणाच म्हणतात. आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात मटार घालून दाखवा, आजी पानावरून उठवेल.

खलबत्ता
काळ्या वाटाण्याचा इथे काय संबंध हो!