बडोद्याला कामाला जाता, मग काम संपल्यावर काय करता?

व्हॉल्व्हवाला

कामासाठी बडोद्याला जाऊन-येऊन असणारे इथे बरेच दिसतात. फावल्या वेळात कुठे खाता, काय बघता, ते लिहा. हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावून पडून राहिलो, असं असेल तर तेही चालेल, पण जरा लाजून लिहा.

सुरुवात मीच करतो. माझी गिऱ्हाइकं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत. मी मोकळा होतो साडेपाच-सहाला आणि तोवर शहरातल्या सगळ्या चित्रांना कुलूप लागलेलं असतं. रविवर्माची चित्रं असलेलं फतेहसिंह म्युझियम साडेपाचला बंद, कमाटीबागेतलं त्याच्याही आधी. राजा रविवर्माची आणि माझी ड्यूटी एकाच वेळेची, त्यामुळे गाठ पडत नाही.

उरतं खाणं, आणि त्या बाबतीत बडोदं फार समजूतदार आहे. कीर्तिस्तंभापाशी महाकालीची सेवउसळ खातो. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांद्याची पात, लसणाचा सणसणीत वास आणि पाव. तिखट कमी वाटलं तर वरून तरी मागायची. मिसळ समजून खाऊ नका, मटकी शोधत बसाल आणि उसळ निवेल.

तर सहानंतर मोकळं होणाऱ्या माणसाने चित्रं कधी बघायची, यावर कुणाकडे तोडगा आहे का?

ताळेबंद

आहे. दुपारचं जेवण सोडायचं.

मी ऑडिटला जातो. ऑडिटरला जेवायला घालायची पार्टीला भारी हौस, आणि त्या जेवणात दीड-दोन तास सहज जातात. मी पोटाचं काहीतरी कारण सांगतो आणि रावपुऱ्यात तांबेकर वाड्यात जातो. भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. बाहेरून पाहिलात तर जुन्या पेठेतलं एक थकलेलं लाकडी घर, त्यापलीकडे काही नाही. पुरातत्त्व खात्याची पाटी नसती तर मीही सरळ पुढे गेलो असतो.

वर चढून गेलं की भिंत अशी कोरी दिसतच नाही. कृष्णाच्या लीला आहेत, महाभारत आहे, मराठे आणि इंग्रज यांची लढाई आहे, मध्येच परदेशी पोशाखातल्या मडमा आहेत. दारांवरही चित्रं. एकोणिसाव्या शतकातल्या त्या चित्रकाराला गोपींइतकंच कौतुक टोपीवाल्या गोऱ्यांचंही होतं, हे उघड दिसतं. मला त्या लढाईपुढून हलवत नाही. घोडे, तोफा, शिपाई यांची एवढी दाटी आहे की कोण कुणाला मारतंय हे कळायला वेळ लागतो (ताळेबंद वाचायची सवय इथे कामी येते). काही ठिकाणी रंग उडालेत, पोपडे आलेत. मधूनमधून जीव हळहळतो, पण तरीही बघा.

दुपारीच जा. खिडकीतून येणाऱ्या उजेडातच ही चित्रं नीट दिसतात. खाली उतरलात की रावपुऱ्यातच दुलीरामचे पेढे मिळतात. तेच माझं जेवण. डॉक्टरला सांगू नका.

विश्वामित्रीकाठचा

मी इथलाच, दांडिया बाजारातला. पाहुण्यांचे हाल वाचून लिहितोय.

पहिली गोष्ट, सोमवारी येऊ नका. लक्ष्मीविलास राजवाडा आणि फतेहसिंह म्युझियम दोन्ही सोमवारी बंद. दुसरी, काम सकाळी उरकत असेल तर परतीची गाडी रात्रीची घ्या आणि सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून पायी निघा. समोर युनिव्हर्सिटी, पुढे काळा घोडा, विश्वामित्रीच्या पुलाजवळ एका बाजूला कमाटीबाग आणि जवळच कीर्तिमंदिर. रिक्षा लागत नाही. पुलावरून खाली डोकावलात तर एखादी मगर ऊन खात पडलेली दिसेल. खोटं वाटेल, पण शहराच्या मधोमध त्या नदीत मगरी आहेत.

कीर्तिमंदिर सहसा कुणी बघत नाही. गायकवाड घराण्याचं ते स्मृतिमंदिर, शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी. आत नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, मीरेचं चरित्र, महाभारत युद्ध आणि टागोरांच्या नाटकावरची नटीर पूजा. शांतिनिकेतनातला एवढा मोठा चित्रकार सयाजीरावांच्या बोलावण्यावरून येतो आणि आम्ही बडोदेकर समोरून स्कूटर घेऊन भर्रकन निघून जातो!

कमाटीबागेतल्या म्युझियमची इमारत १८९४ची. त्याला जोडलेली चित्रशाळा महायुद्धामुळे युरोपातली चित्रं यायला उशीर झाल्याने १९२१ला उघडली. लहान मुलांना फोटो पाठवायचे असतील तर तिथे ममी आहे आणि १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडाही आहे. पण तुम्ही आकोट्याच्या जैन ब्राँझमूर्ती बघा. आता जिथे हॉटेलं झालीत त्याच आकोट्यात त्या सापडल्या. मुकुट-अलंकार घातलेला जीवंतस्वामी (म्हणजे दीक्षेआधीचा महावीर) चुकवू नका, नाक भंगलंय तरी चेहरा शांत आहे.

भूक लागली तर आमच्या दांडिया बाजारात कॅनरा कॉफी हाउस. बोर्डावर कॅनरा, गाव बडोदा आणि मागवायची पूना मिसळ. असो.

औषधपाणी

फार्मात आहे, फॅक्टरी इन्स्पेक्शनच्या आधी आमची टीम जाते. एकटी बाई म्हणून लिहिते: बडोद्यात रात्री साडेनऊला लारीवर (हातगाडीवर) एकटीने उभं राहून खाताना मला कधी अवघडल्यासारखं झालेलं नाही. शेजारी दोन-तीन कुटुंबं असतातच, आणि एखादी मासी "बेन, आ पण चाखो" म्हणते.

रविवर्मासाठी मी मात्र चक्क अर्धी रजा टाकली. आमच्या आजीच्या देवघरात त्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वती होत्या. १८९४ला त्याने छापखाना काढला आणि ती चित्रं घरोघर गेली, त्यातल्याच. म्हणून मला वाटायचं, रविवर्मा म्हणजे कॅलेंडर. सयाजीरावांनी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली, ती १८९०ला पुरी झाली. त्यातली बरीच फतेहसिंह म्युझियममध्ये आहेत. सीतेच्या भूमिप्रवेशाच्या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा कॅलेंडर डोक्यातून गेलं. सीता जमिनीत जातेय आणि राम नुसता हात पुढे करून राहिलाय. रेशमाचा पोत, दागिन्यावरची चमक हे छापील कागदावर कसं येणार? फोटो काढू देत नाहीत हे बरंच आहे, माणसं मुकाट बघतात.

राजवाड्याचं तिकीट वेगळं आहे, तिथे कानाला यंत्र लावून फिरता येतं. दरबार हॉल देखणा आहे. पण वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर म्युझियमच करा.

सराफ्याचा

इंदूरकर आहे, त्यामुळे रात्रीच्या खाण्यावर मी बोलू नये. भांडणं होतील.

चित्रांवर बोलतो. बडोद्याच्या युनिव्हर्सिटीतल्या फाइन आर्ट्सचा चित्रकला विभाग ज्यांनी १९५०पासून उभा केला ते ना. श्री. बेंद्रे आमच्या इंदूरचे, देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी. तेव्हा बडोद्याच्या चित्रांचं थोडं श्रेय इकडे पाठवा.

उच्चदाब

ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगसाठी जातो. टेस्ट चालू असली की रात्र तिथेच, त्यामुळे कला वगैरे फारशी नाही. दारूचं परमिट काढायचा खटाटोप एकदा केला, फॉर्म भरता भरता तहान गेली.

एकच सांगतो. फाइन आर्ट्समध्ये उन्हाळ्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांचं वार्षिक प्रदर्शन असतं, वर्गच्या वर्ग चित्रांनी भरलेले. कुणीही जाऊ शकतं. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट हे सगळे इथले, एवढं ऐकून होतो. मी विचारलेले अडाणी प्रश्न एका मुलीने न हसता ऐकले, एचिंगची तांब्याची प्लेट हातात देऊन रेघ कशी खोदतात, ॲसिड कुठे चावतं ते दाखवलं. आमच्या वाइंडिंगच्या तांब्याचा असाही उपयोग असतो! एक प्रिंट विकत घेतली. बायको म्हणाली, यापेक्षा चिवडा आणायचा.

व्हॉल्व्हवाला

@ताळेबंद, पोटाचं कारण पुढच्या वेळी चोरणार. @विश्वामित्रीकाठचा, पुढची भेट मंगळवारी लावून घेतली आहे, साहेबांना कारण गिऱ्हाइकाच्या सोयीचं दिलंय. चिवड्याचा विषय निघालाच आहे तर, जगदीशचा लीलो चिवडा मुंबईपर्यंत टिकतो का?

विश्वामित्रीकाठचा

मुंबईपर्यंत टिकतो, तुमच्या ऑफिसात टिकणार नाही. तो ओलसर असतो, बटाटा, चण्याची डाळ, हिरवी मिरची, त्यामुळे कोरड्या चिवड्यासारखा महिनाभर डब्यात ठेवायला जाऊ नका. टिकाऊ काही हवं असेल तर त्यांचीच भाकरवडी घ्या. आणि कुणाचं काम हालोलला असेल तर चांपानेर हे जुनं शहर तिथून अगदी जवळ आहे. जामी मशिदीच्या छतातलं कोरीव काम बघायला तास पुरत नाही. चांपानेर २००४पासून जागतिक वारशात आहे, तरी आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर गर्दी नसते. पाणी बरोबर न्या.