व्हेरा चास्लाव्स्का : निषेधापलीकडची खेळाडू

प्रश्न
व्हेरा चास्लाव्स्का यांच्यावरचे बहुतेक लेख एकाच प्रसंगापाशी थांबतात : १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत राष्ट्रगीत वाजत असताना त्यांनी मान खाली घालून तोंड फिरवले. सात ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या या झेक जिम्नॅस्टची खेळातली थोरवी नेमकी कशात होती, आणि त्या निषेधाची किंमत त्यांना कशी मोजावी लागली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर
आधी खेळाविषयी, कारण तोच नेहमी मागे पडतो. १९६०मध्ये रोमला सांघिक रौप्य मिळवणाऱ्या चास्लाव्स्का यांनी १९६४मध्ये टोकियोत ऑल-अराउंड (सर्व प्रकारांच्या एकत्रित गुणांची स्पर्धा), व्हॉल्ट (धावत येऊन घोड्यावरून मारायची उडी) आणि बॅलन्स बीम (अरुंद तुळईवरच्या कसरती) ही तीन सुवर्णपदके जिंकली आणि सलग दोनदा ऑल-अराउंड विजेत्या ठरलेल्या सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लातिनिना यांना मागे टाकले. मेक्सिकोत त्यांनी ऑल-अराउंड व व्हॉल्टची विजेतेपदे राखली आणि अनइव्हन बार्स (कमी-अधिक उंचीच्या दोन दांड्या) व फ्लोअर (जमिनीवरच्या, संगीतासह करायच्या कसरती) यांचीही भर घातली. म्हणजे दोन ऑलिंपिक मिळून महिलांचा एकही वैयक्तिक प्रकार सुवर्णाविना राहिला नाही. माझ्या मते त्यांची खरी ओळख हीच असायला हवी.

दुसरे उत्तर
वरील मताशी मी सहमत आहे, पण मेक्सिकोतला खेळ त्या वर्षाच्या घडामोडींपासून वेगळा काढता येत नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या राजकीय सुधारणा चिरडण्यासाठी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे देशात शिरले, तेव्हा चास्लाव्स्का यांना अटकेच्या भीतीने शुम्पेर्कच्या डोंगराळ भागात लपून राहावे लागले. तिथे ना बार होते, ना बीम. झाडाच्या फांदीला लोंबकळून आणि बटाट्यांची पोती उचलून त्यांनी ताकद टिकवली. ऑक्टोबरमध्ये फ्लोअरसाठी त्यांनी ‘मेक्सिकन हॅट डान्स’ची धून निवडली आणि सारे प्रेक्षागृह त्यांचे झाले. तरीही सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा पेत्रिक यांचे प्राथमिक फेरीतले गुण नंतर वाढवले गेल्यामुळे ते सुवर्ण दोघींत विभागले गेले. बीमवर तर त्यांना दुसऱ्या सोव्हिएत जिम्नॅस्ट नताल्या कुचिन्स्काया यांच्यामागे रौप्यावर समाधान मानावे लागले. दोन्ही समारंभांत सोव्हिएत राष्ट्रगीत वाजले आणि दोन्ही वेळा त्यांनी मान फिरवली.

तिसरे उत्तर
किमतीविषयी एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. राज्यकर्त्यांचा रोष केवळ त्या मान फिरवण्यावर नव्हता. लेखक लुडविक वात्सुलिक यांनी जून १९६८मध्ये लिहिलेल्या ‘दोन हजार शब्द’ या सुधारणावादी जाहीरनाम्यावर चास्लाव्स्का यांची सही होती. ती मागे घेण्यास त्या तयार झाल्या नाहीत. परिणामी त्यांचा परदेशप्रवास बंद झाला, खेळाच्या क्षेत्रातून त्या बाहेर फेकल्या गेल्या आणि प्रशिक्षक म्हणून काम मिळवण्यासाठीही त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले. मान फिरवणे हा काही क्षणांचा निषेध होता, तर सही न मागे घेण्याचा निर्णय त्यांना दबावाखाली पुन्हा पुन्हा घ्यावा लागला, म्हणून मला तो अधिक मोठा वाटतो. १९८९मध्ये कम्युनिस्ट राजवट जाऊन सत्तांतर झाल्यानंतर त्या राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव हावेल यांच्या सल्लागार झाल्या, देशाच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९९५मध्ये त्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सदस्य झाल्या.