मदत हवी आहे: सिग्नल-सीएलआय ०.१३ जावापाशी अडलं

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत टाकीतलं पाणी खाली गेलं की जुन्या लॅपटॉपवरून सिग्नल-सीएलआय (कमांड देऊन सिग्नल ॲपचे मेसेज पाठवणारा, जावावर चालणारा प्रोग्रॅम) ग्रुपवर मेसेज टाकतं. काल ०.१२ काढून ०.१३ बसवलं, तर पहिल्याच कमांडला एरर: 'क्लास फाइल व्हर्जन ६५'. म्हणजे जावा २१ हवं. लॅपटॉपवर डेबियन १२ लिनक्स आहे, आणि त्याच्या रेपोत (अधिकृत सॉफ्टवेअर साठ्यात) जावा १७ च आहे. वेगळं जेडीके (जावाचा संच) उतरवून फक्त मेसेज टाकणाऱ्या स्क्रिप्टपुरतं जावा-होम (जावा कुठलं वापरायचं ते सांगणारं सेटिंग) बदलू, की सरळ नेटिव्ह बायनरी (जावाशिवाय चालणारी तयार फाइल) घेऊ?

आणखी एक धास्ती. डेटा फोल्डरची कॉपी ठेवलीय, पण नव्या व्हर्जनने एकदा आमचं सिग्नल खातं उघडलं की जुन्या व्हर्जनला ते वाचता येईल का? परत रजिस्टर करायचं तर ओटीपीसाठी सेक्रेटरी काकांचा फोन लागतो, आणि ते एक ते चार उचलत नाहीत! तोवर मीच गच्चीवर जाऊन झाकण उघडून बघतोय.