चंद्राला ‘खळं’च का पडतं?

परभणीहून:
परवा लाईट गेली म्हणून गच्चीवर अंथरूण टाकलं. वर बघतो तर चंद्राभोवती भलंमोठं पांढुरकं कडं. पुतणीला म्हणलं, “बघ, चंद्राला खळं पडलंय.” ती म्हणते, “काका, खळी गालाला पडते!” हसून सोडून दिलं, पण डोक्यातून जाईना. खळं आणि खळी एकच का? पडतात तर दोन्ही.

औशाहून:
दादा, पडण्यावर जाऊ नका. आपल्याकडं दवही पडतं आणि दुष्काळही. खळी म्हणजे खोलगट जागा. चंद्राचं खळं म्हणजे आपलं ज्वारी मळायचं खळं, संस्कृत ‘खल’ वरून आलेलं. पुतणीनं खळं पाहिलंच नसणार, तिचा काय दोष? आता पीक थेट हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात जातं. आमच्या वडलांच्या वेळी माळावरची जागा पाणी मारून चोपायची, शेणानं सारवायची, मधोमध तिवडा रोवायचा. कणसं पसरली की तिवड्याला बैलांची पात जुंपायची, तोंडाला मुसक्या बांधून. दिवसभर बैल गोल गोल. संध्याकाळी बैल सोडले की मधे खांब आणि भोवती तुडवलेलं कडं उरायचं. आता वर बघा. चंद्र तिवडा, आणि कडं म्हणजे पातीची वाट. ज्यानं हा शब्द पहिल्यांदा वापरला तो रात्री खळ्यावर राखणीलाच निजलेला असणार, ही माझी पक्की समजूत.
एक फरक मात्र ध्यानात ठेवा. शेतातलं खळं आपण ‘करतो’, आभाळातलं ‘पडतं’.

नांदेडहून:
मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून दोन ओळी. मे महिन्यात परभणीत दुपारी पारा ४२ वर गेला तरी आठ-दहा किलोमीटर उंचीवरचे ते पातळ, दुधाळ ढग बर्फाचेच असतात. त्यातले कण षटकोनी, पेन्सिलीच्या तुकड्यासारखे. उजेड एका बाजूनं शिरून, मधली बाजू सोडून पलीकडच्या बाजूनं निघतो आणि कमीत कमी २२ अंश वळतो. त्याहून कमी वळत नाही, म्हणून खळ्याच्या आतलं आभाळ जरा काळपट दिसतं आणि आतल्या काठाला तांबूस झाक असते. मोजायचं असेल तर हात ताठ करून वीत पसरा. अंगठा चंद्रावर ठेवला की करंगळी साधारण कड्याला टेकते. लेकरांची वीत लहान, पण हातही आखूड, त्यामुळं त्यांचंही माप जुळतं.
आणि औसेकर काका, तुमच्या समजुतीला लांबून साक्ष आहे. इंग्रजीत ह्याला ‘हेलो’ म्हणतात. तो शब्द ग्रीक ‘हॅलोस’ वरून आला, आणि हॅलोस म्हणजे गोल खळं, मळणीचं!

परभणीहून:
आँ! मग आपण त्यांच्याकडून उचलला की काय?

औशाहून:
मला नाही वाटत. पंडितांनी उचलला असता तर पोथीत दिसला असता. पोथीतला शब्द ‘परिवेष’ आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत परिवेषावर अख्खा अध्याय आहे. खळं हे शेतकऱ्याच्या तोंडचं. तिकडंही बैल गोलच फिरायचे, त्यात उसनवारी कशाला?

बीडहून:
आमची आजी म्हणायची, लांबचं खळं तर पाऊस जवळ, जवळचं खळं तर पाऊस लांब. सर, ‘जवळचं’ म्हणजे कोणतं? वीतभर तर एकच असतं ना?

नांदेडहून:
ताई, आजींनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असणार. चंद्राला चिकटून, दोन-चार अंशांचं रंगीत कडं दिसतं ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळं. त्यात तांबूस रंग बाहेरच्या काठाला असतो, मोठ्या खळ्याच्या बरोब्बर उलटा. बोलताना दोन्हींना खळंच म्हणतो आपण. पावसाचं म्हणाल तर बर्फाचे उंच ढग लांबच्या वादळाच्या माथ्यावरूनही पसरत येतात, तेवढ्यापुरतं आजींचं खरं. पण खळं बघून तिफण काढू नका.

लातूरहून:
खळ्याचं निघालंच आहे तर ‘गार’ घ्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा मी एक मोठी गार सुरीनं कापून बघितली होती. आत कांद्यासारखे पापुद्रे, एक पांढरा, एक काचेसारखा. आणि ओढ्यात सापडते ती गारगोटी, तिलाही आमच्याकडं नुसतं ‘गार’ म्हणतात. आभाळातून पडलेली गार विरघळते, रानातली विरघळत नाही, शब्द एकच.

नांदेडहून:
विरघळत नाही ताई, वितळते. मीठ पाण्यात विरघळतं. (मास्तरकी सुटत नाही, माफ करा.) पण मुद्दा झकास आहे. ग्रीकांचंही तेच. त्यांचा ‘क्रुस्टालोस’ म्हणजे आधी बर्फ, मग स्फटिक. पुढं रोमन लोक तर समजायचे की स्फटिक म्हणजे कायमचा गोठलेला बर्फ. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत जी गारगोटी वाढते ती सिलिकाची, बर्फाशी तिचं नातं दिसण्यापुरतंच.

लातूरहून:
चूक कबूल. वितळते.

परभणीहून:
काल रात्री पुतणीला दोन गारगोट्या दिल्या. गोधडीत शिरून, डोळे अंधाराला सरावल्यावर जोरात घासायला सांगितल्या. आतून ओरडली, “काका, दगड उजळायलाय!” मीही डोकं खुपसलं. पिवळसर उजेड, दगडाच्या आतच, आणि वर जळका वास. ठिणगी म्हणावं तर काही उडत नाही. चमक म्हणावं तर ती बाहेरून येते. पोरगी शब्द मागायलीय. कुणाच्या घरात असला तर सांगा.