अनुभव धागा: पहिला पॅच स्वीकारला जाईपर्यंत

मुक्त स्रोत डेस्कटॉप सॉफ्टवेअरला हातभार लावणारे नागपूरकर आपल्यात बरेच आहेत; परंतु पहिला पॅच (कोडमध्ये सुचवलेला आपला बदल) पाठवल्यापासून तो स्वीकारला जाईपर्यंत नेमके काय घडले, हे सहसा कोणी लिहीत नाही. ते सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

नवख्यांसाठी लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरने राखून ठेवलेल्या ‘ईझी हॅक्स’मधील एक काम मी निवडले. पहिला बिल्ड (कोडपासून चालते सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम) लावला तो ऐन मे महिन्यात, लॅपटॉप कूलरच्या झोतासमोर ठेवून. चौथ्या तासाला वीज गेली आणि पाठोपाठ बॅटरीही संपली; सुदैवाने दुसऱ्या दिवशी उरलेल्याच फाइली कंपाइल कराव्या लागल्या. प्रत्यक्ष बदल नऊ ओळींचा होता. खरी फजिती गेरिट या पॅच तपासण्याच्या व्यवस्थेवर झाली. तपासनिसाने सुचवलेल्या प्रत्येक दुरुस्तीसाठी मी नवा कमिट (बदलाची नोंद) करून पाठवत राहिलो आणि एकाच बदलाची तीन स्वतंत्र प्रकरणे उभी राहिली. कमिट तोच ठेवून ‘अमेंड’ करायचा, म्हणजे त्याच नोंदीत दुरुस्ती करायची, आणि संदेशातील ‘चेंज-आयडी’ची (बदलाच्या ओळखचिन्हाची) ओळ जशीच्या तशी राहू द्यायची, म्हणजे जुन्याच प्रकरणाला नवी आवृत्ती जोडली जाते, हे मला तिसऱ्या वेळी उमगले.

*

मी प्रोग्रॅमर नाही. सीताबर्डीत अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. ‘वऱ्हाड’ हा शब्द आमच्याकडे दिवसातून दहादा येतो आणि त्याच्याखाली कधी लाल रेघ उमटते, कधी नाही. दोन्ही शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसत. शेवटी भाच्याने एकेक वर्ण सुटा करून दाखवला, तेव्हा उलगडा झाला: एका ठिकाणी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त होता, तर दुसऱ्या ठिकाणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदी जोडक (अक्षराचे जोडरूप ठरवणारे चिन्ह). मी वापरत असलेल्या शब्दसूचीत पहिलेच रूप होते. हन्स्पेल हा शब्दलेखन-तपासनीस मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झाला (आपल्या चंद्राकार रफाराची चिंता तिथे कोण करणार!), तरी त्याच्या नियमांच्या फाइलीत आयकॉन्व्ह नावाची सोय आहे; तपासणीपूर्वी एक वर्णक्रम दुसऱ्यात बदलून घेता येतो. माझे योगदान म्हणजे त्या सोयीच्या दोन ओळी. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ अशी चाचणीची यादी मात्र मी चाळीस शब्दांची दिली आणि पॅच तपासणाऱ्या गृहस्थांनी, ज्यांना मराठी येत नव्हते, त्या यादीच्या भरवशावरच तो स्वीकारला.

*

मिहानमध्ये (नागपूरच्या उद्योगक्षेत्रात) नोकरी करणाऱ्यांनी आपला नियुक्ती-करार आधी वाचावा. माझ्या करारानुसार नोकरीच्या काळात लिहिलेला सगळाच कोड कंपनीच्या मालकीचा ठरत होता, मग तो रविवारी घरी बसून का लिहिलेला असेना. लिबरऑफिस तर आपला कोड ठरावीक परवान्यांखाली देत असल्याचे निवेदन पहिल्याच पॅचच्या वेळी मागते. ते प्रामाणिकपणे देता यावे म्हणून मी कंपनीकडे लेखी परवानगी मागितली. पॅच दोन संध्याकाळींत झाला, परवानगीला अकरा आठवडे लागले.

*

माझा अनुभव थोडका आहे. एका चित्रकला-सॉफ्टवेअरला पाठवलेल्या पॅचवर सात महिने कोणीच काही लिहिले नाही. नंतर ती फाइलच नव्याने लिहिली गेली आणि माझी विनंती ‘आता लागू नाही’ असा शेरा मारून बंद झाली. नव्या फाइलीत तोच दोष पुन्हा आढळला आहे. या वेळी आधी चाचणी लिहून पाठवली आहे.