दहा एकरवाल्यानं 'हातावर पोट' म्हणू नये म्हणे!

वर्धेकर: काल एका भावानं इथं लिहिलं की, ज्याच्या नावावर सातबारा आहे त्यानं 'आमचं हातावर पोट' म्हणणं ही मजुरांची थट्टा आहे. शेतकऱ्यानं फार तर 'ओढाताण' म्हणावं. रात्रभर डोक्यात तेच. अरे बावा, मजुराचा चुकारा दर बाजाराच्या दिवशी होतो, माझा वर्षातून एकदा. जूनमध्ये कृषी केंद्रातून बियाणं-खत उधार, मग फवारणी उधार, पोळ्याचा किराणा उधार. सोयाबीन निघालं की उधारीवाला खळ्यावर हजर. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4892 रुपये, बाजारात चार हजारांच्या आसपास घासाघीस करत विकलं. देणी फेडून हातात काय उरलं ते बायकोलाही सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, 'धकून राहिलं.' आता हेही म्हणायला परवानगी लागते का?

यवतमाळचा, सध्या पुणे: मी दहा एकरवाल्यांबद्दल लिहिलं होतं. दोन एकरवाल्यांनी अंगावर घेऊ नये.

वर्धेकर: दहा एकर कोरडवाहू आणि दोन एकर ओलिताचं, यात मोठा कोण? पुण्यात बसून एकर मोजू नका.

निंदणवाली, अकोट: दादा, तुमचं धकून राहिलं हे खरं. पण तुमाले उधार भेटते न! मले दुकानदार किलोभर साखर उधार देत नाही. म्हणते, 'तुह्या नावानं हाये काय?' भादव्यात झड लागली की निंदण बंद, तवा आमी 'आज भागलं' म्हणतो. 'यंदा भागलं' म्हणाची आमची कवाच ऐपत नव्हती. तुमी वर्षाचा हिशेब करता, आमी सांजचा. पुण्यावाले भाऊ बोलले ते मले तरी पटलं.

झाडीपट्टीवाला: विदर्भ म्हटलं की तुम्हाला कपाशी-सोयाबीनच दिसते. भंडारा-गोंदियात माणसं धान पिकवतात. धान केंद्रावर घातला तरी चुकाऱ्याची वाट पाहा, मग बोनसची वाट पाहा. पण आमचं कोण विचारते.

कापूसकोंड्या: ताईंना एवढी अडचण आहे तर वेचणीला कोणी का येत नाही? लाडक्या बहिणीचे 1500 सुरू झाले अन् गावातल्या बाया घरीच बसल्या. मला बाहेरगावहून ऑटो भरून मजूर आणावे लागतात. ऑटोचं भाडं माझं, वरून चहाही माझा.

निंदणवाली, अकोट: 1500 महिन्याचे. दिवसाचे झाले 50. पन्नासात कोण घरी बसते? वर्षाले केंद्राचे सहा हजार अन् राज्याचे सहा हजार तुमच्या खात्यात येते, तवा 'शेतकरी वावरात जात नाही' असं कोनी म्हटलं का?

कापूसकोंड्या: ते बारा हजार फवारणीतच जातात! आणि वेचणीचं खरं सांगू का? तुम्हाला सकाळी दव असतानाच सुरुवात करायची असते, कापूस वजनात भरतो म्हणून. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीत गाडी परत. मग तो खेडा खरेदीवाल्याला पडेल भावात द्यायचा. नुकसान कोणाचं?

निंदणवाली, अकोट: दव सुकेपर्यंत थांबू, पण त्या वेळाची रोजी द्या. तुमी किलोवर पैसे देता, म्हणून आमी किलो पाहतो. मागल्या साली एकाच्या काट्यावर माह्या गाठोड्यातून दोन किलो गायब. इचारलं तर म्हणे, 'सरकी हलकी हाये.' सरकी का उडून गेली?

कापूसकोंड्या: सगळे शेतकरी चोर आहेत का?

निंदणवाली, अकोट: सगळ्या बाया आळशी हायेत का?

निवृत्त मास्तर: अहो, काटा राहू द्या! विषय शब्दांचा होता. माझी आजी 'तंगी' कधी म्हणाली नाही. 'औंदा कण्यावर आलो' म्हणायची. दिढीनं ज्वारी आणली की पोतं घेतलं तर दीड पोतं परत. 72 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांनी सुकडी खाऊन दिवस काढले, तेही 'निभलं' एवढंच म्हणत. आताची पोरं हप्त्यावर मोटारसायकल घेतात आणि म्हणतात 'लय टाईट चालू हाये'. टाईट? पँट आहे का ती?

यवतमाळचा, सध्या पुणे: मास्तर, तुमच्या पेन्शनीत 'टाईट' कळणार नाही.

निवृत्त मास्तर: पेन्शन काढली ना! वाटच पाहत होतो.

वर्धेकर: बरं ताई, 'हातावर पोट' तुमचं. घेऊन जा. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, तोही सोबत न्या.

निंदणवाली, अकोट: नेतो की. बोजासंग वावरही द्या.

झाडीपट्टीवाला: धानाबद्दल एकही जण बोलला नाही, याची नोंद घेतो.

कापूसकोंड्या: ताई, ते जाऊ द्या. सोमवारी वेचायला किती जणी येता?

निंदणवाली, अकोट: भाव काय लावता ते आधी बोला. अन् काटा आमी आणू.