सुळ्यांमागचा नट

'टीव्हीवरचा व्हॅम्पायर म्हणजे नुसते सुळे आणि काळा झगा, अभिनय कसला' असं काही जण म्हणतात, मला ते काही पटत नाही. 'डार्क शॅडोज' या अमेरिकन मालिकेतला व्हॅम्पायर, जोनाथन फ्रिडचा बार्नबस कॉलिन्स आठवा! मूळचा कॅनडातल्या हॅमिल्टनचा हा माणूस लंडनच्या 'राडा' (रॉयल अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्ट) या नाट्यशाळेत शिकला, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून दिग्दर्शनाची पदवी घेतली, शेक्सपिअर करत रंगभूमीवर वर्षं काढली. १९६७मध्ये 'डार्क शॅडोज'मध्ये आला तो थोड्या दिवसांपुरता. मालिका १९७१मध्ये संपेपर्यंत राहिला.

रोजची मालिका, चित्रीकरण जवळपास सलग, रिटेकची चैन नाही. फ्रिडला संवाद पाठ करणं जड जायचं, मग नजर टेलिप्रॉम्प्टरकडे (संवाद दाखवणाऱ्या पडद्याकडे) वळायची. गंमत म्हणजे ती अडखळ, ते अस्वस्थ थांबणं शापित माणसाच्या अपराधी मनाला चपखल बसलं. हे त्याने ठरवून केलं असं मी म्हणत नाही, पण रंगमंचावर कमावलेला आवाज नसता तर ते नुसतं हास्यास्पद झालं असतं.

पुढे १९८६च्या सुमारास 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या नाटकात तो पुन्हा रंगमंचावर दिसला. एकपात्री वाचनाचे प्रयोगही करायचा, त्यात भयकथाही असायच्या. बार्नबसने पाठ सोडली नाही ती नाहीच. मालिकेवरून केलेल्या २०१२च्या 'डार्क शॅडोज' चित्रपटात क्षणभर दिसला, पण चित्रपट लागण्याआधीच, एप्रिलमध्ये, गेला.